माइटचं नाव लिहिण्याआधी

मधमाश्यांच्या पेटीतली प्रत्येक तांबूस माइट (माश्यांवर जगणारा बारीक परजीवी जीव) व्हॅरोआ नसते, तेव्हा नाव लिहायची घाई करू नका. आधी ती कोणत्या माशीवर सापडली ते टिपा. व्हॅरोइडी कुळात दोनच प्रजाती (जीनस): व्हॅरोआ आणि यूव्हॅरोआ. फुलोरी या छोट्या रानटी मधमाशीवर सापडते ती यूव्हॅरोआ. मग भिंगाखाली आकार बघा. व्हॅरोआची मादी लांबीपेक्षा रुंद, खेकड्यासारखी आडवी. लांबट आणि भराभर पळणारी दिसली तर ट्रोपिलेलॅप्स असेल. तिचं कुळच वेगळं.

आणि जुने लेख वाचताना साल बघाच! व्हॅरोआ जेकबसोनीचं वर्णन १९०४ साली जावातल्या माइटवरून झालं, आपल्या सातेरी या देशी मधमाशीच्याच जातीच्या माशीवर सापडलेल्या. मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या वसाहती उद्ध्वस्त करणारी व्हॅरोआ डिस्ट्रक्टर मात्र २००० साली वेगळी जाती म्हणून काढली गेली. त्याआधीच्या लेखांत मेलिफेरावरची ‘जेकबसोनी’ बहुतेक वेळा डिस्ट्रक्टरच असते.