पावसात रात्री अमोनियाचा आकडा फुगतो: सेन्सरचं ऐकावं की सुपरवायझरचं?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: खानापूरकडं पाच हजार ब्रॉयलरचं उघड्या बाजूंचं शेड आहे. त्यात एमक्यू-१३५ (वायूचा सेन्सर) आणि डीएचटी-११ (तापमान आणि हवेतली ओल मोजणारा) बसवलेत. पावसात रात्री पडदे लावले की मोबाईलवर अमोनिया ६०-७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दिसतो. कंपनीचा सुपरवायझर मात्र वास घेऊन "काय नाही ओ, चालतंय" म्हणतो. मग खरं कोण?

दोघंही नाही.

आधी नाकाचं. अमोनियाला नाक फार लवकर सरावतं, रोज शेडात वावरणाऱ्याचं तर आणखी. शिवाय सुपरवायझरचं नाक पाच फुटांवर असतं, पक्षी खाली अंथरलेल्या तुसावर बसलेला. वायू तुसातूनच उठतो, त्यामुळं माप घ्यायचं ते पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर. दाट पक्षी ठेवणाऱ्या ब्रॉयलर शेडसाठी युरोपीय संघाने २००७ साली मर्यादा ठरवली तीही याच उंचीवर: अमोनिया २० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएम. डोळे चुरचुरेपर्यंत थांबलात तर पिल्लांच्या श्वासनलिकेचं नुकसान त्याआधीच सुरू झालेलं असतं, आणि त्या वाटेनं सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग) शिरतो.

आता एमक्यू-१३५. हा अमोनियाचा सेन्सर म्हणून विकला जातो, पण त्याला अमोनिया, अल्कोहोल, धूर यांतला फरक कळत नाही. शेगडीचा धूर झाला, फवारणी झाली, कुणी शेजारी सॅनिटायझर चोळलं, तरी आकडा उडतो. हवेतली ओल वाढली तरीही वाढतो, आणि आपल्याकडच्या जुलैत रात्री ओल किती असते ते सांगायला नको. म्हणजे तुमच्या ६०-७० मध्ये थोडा अमोनिया आणि थोडा पाऊस आहे. त्यात तो आतून तापणारा सेन्सर. लाईट जाऊन आली की गरम होईपर्यंत काहीही दाखवतो. तेवढा वेळ आलेखातून उडवून टाका. डीएचटी-११ सुद्धा बदला. ८० टक्क्यांच्या वर त्याच्यावर भरवसा नाही आणि तुमचा सगळा पावसाळा ८० च्या वरच. त्याजागी एसएचटी-३१ घ्या.

एमक्यू काढून फेकू नका मात्र. आकडा खोटा असला तरी चढ-उतार उपयोगाचा आहे. त्याच्या जोडीला अमोनियाच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या घ्या. पट्टी डिस्टिल्ड पाण्यात भिजवायची, जास्तीचं पाणी झटकायचं, तुसापासून वीतभर उंचीवर पंधरा सेकंद धरायची आणि रंग जुळवायचा. नळाचं पाणी नको, त्याचा सामू वेगळा असतो. रात्री पडदे लागल्यावर आणि पहाटे उघडायच्या आधी पट्टी बघा, शेजारी एमक्यूचा आकडा लिहा. आठवडाभरात तुमच्या शेडात एमक्यूचा किती आकडा म्हणजे खरा किती अमोनिया, हे कळेल.

माझ्या मते खरा खर्च करायचा तो कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवर, कारण हवा खेळते की नाही हे तोच नीट सांगतो. एमएच-झेड१९ चालेल. 'ईसीओ२' लिहिलेले स्वस्त मॉड्यूल घेऊ नका; ते कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात. एमएच-झेड१९ मधली आपोआप कॅलिब्रेशनची सोय ब्रूडिंगमध्ये (लहान पिल्लांना ऊब देण्याच्या दिवसांत) बंद ठेवा. दिवसभरातलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजे बाहेरची हवा, असं तो धरून चालतो. पडदे सतत बंद असले की तो आतल्या कोंदट हवेलाच बाहेरची, म्हणजे ४०० पीपीएमची, समजायला लागतो.

सेन्सर बसवताना पक्ष्यांच्या पाण्याच्या निपलखाली नको, पडद्याला लागून नको. शेडाच्या मध्यावर छताच्या दोरीला टांगा, पक्षी वाढतील तशी दोरी वर घ्या. अमोनिया तांब्याला खातो, म्हणून सोल्डरचे जोड आणि बोर्ड यांवर लेप द्या (नेलपॉलिशही चालतं, घरात विचारून घ्या). सेन्सरच्या तोंडावर मात्र थेंबही नको. पिसांची धूळ मऊ ब्रशनं झाडत राहा.

आता अमोनिया कमी कसा करायचा, तर तुसातली ओल कमी करून. तूस मुठीत दाबा आणि हात उघडा. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त. गळकी निपलं आधी बघा. आपल्याकडं लगेच चुना मारतात. चुना ओल ओढतो खरा, पण तुसाचा सामू वाढवतो आणि अमोनिया उलट जोरात सुटतो. पक्षी आत असताना तरी नको. तूस हलवा, ओला भाग काढून कोरडं टाका. पडदा खाली पक्का आणि वरून उघडणारा हवा, म्हणजे रात्री वर चार बोटं फट ठेवली तरी थंड वारा थेट पिल्लांवर येत नाही.

कोळशाची शेगडी वापरत असाल आणि गडी शेडातच झोपत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा तयार अलार्म वेगळा घ्या. तिथं घरी जोडलेल्या एमक्यू-७ वर (कार्बन मोनॉक्साइडचा स्वस्त सेन्सर) माणसाचा जीव टांगू नका.

पंखा रिलेवर (सेन्सरच्या इशाऱ्यावर चालू-बंद करणारा स्विच) आपोआप लावू का, असंही विचारलंय. एमक्यूच्या आकड्यावर नको, पावसाच्या रात्री तो उगाच फिरत राहील आणि पिल्लं गारठतील. सध्या टायमरवर ठेवा. पट्टीचा फोटो आणि त्याच रात्रीचा आलेख इथं टाका, मग रिलेचं बघू.