चार तारांच्या बास गिटारची सहा तारांची गिटार करायची तर आधी हे वाच

आधी स्केल मोज, म्हणजे नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा टेकतात तो बॉडीवरचा भाग) एवढी तारेची लांबी. ३४ इंचावर सगळ्यात बारीक तार ई सुरात लावशील तर तुटणारच. साध्या साडेपंचवीस इंची गिटारवर ती ए सुरापर्यंत ओढण्याइतकाच तो ताण. म्हणून ई ते ई ऐवजी जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत बी ते बी लाव. तारा लांबीला पुरतात का, तेही बघ.

तारा पिळायच्या जुन्या चाव्यांची भोकं नव्या चाव्यांना मोठी पडतात. व्हर्नियरने मोजून सागाची गुल्ली फेविकॉलने बसव, मग १० मिलिमीटरचं भोक पाड. ठाण्याच्या पावसाळ्यात गोंद लवकर वाळत नाही. दोन दिवस थांब, नाहीतर ड्रिलबरोबर गुल्लीच फिरते. नटच्या खाचा नव्याने कोराव्या लागतात, ब्रिजही बदलतो. पिकअप (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) मात्र सलग पट्टीचा घे. जुन्या पिकअपचे चार तारांचे चुंबकी खांब सहा तारांखाली येत नाहीत.