आधी हात, मग सेल्फ

प्रश्न : ताई, वडील गेल्यापासून त्यांची पेट्रोल गाडी शेडमध्ये उभी आहे, अकरा वर्षं झाली. चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवालं जुनं इंजिन आहे. उभी केली तेव्हा उत्तम चालत होती. नवी बॅटरी आणून ठेवली आहे, पण किल्ली फिरवायचा धीर होत नाही. मेव्हणे म्हणतात, तिसरा गिअर टाकून चौघांनी धक्का मारला की सुटेल. एक मेकॅनिक म्हणतो, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. कुणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही नको. धीर झाला नाही हे फार बरं झालं. बॅटरी आहे तिथेच राहू द्या आणि मेव्हण्यांना काही दिवस गोडीगुलाबीने थोपवून धरा.

अकरा वर्षांत आत काय झालं असेल ते आधी सांगते. इंजिन बंद होतं तेव्हा चारही सिलिंडर सारख्या अवस्थेत थांबत नाहीत. एखाद्याचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. तिथून दमट हवा आत येते, रात्री गार पडल्यावर तिचं पाणी होऊन बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या पोकळीच्या, भिंतीवर बसतं. तेलाचा पातळ थर केव्हाच खाली ओघळून गेलेला असतो. मग पिस्टनभोवतीची लोखंडी रिंग आणि लोखंडी बोअर यांच्यामध्ये गंज धरतो. चारही पिस्टन एकाच क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, बांधलेले असल्यामुळे एक धरला की चौघं जाम. म्हणून ‘इंजिन जाम आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘एक-दोन सिलिंडर जाम आहेत’ एवढाच असतो, आणि म्हणूनच लगेच खोलायची घाई नको.

सेल्फ मारला तर काय होतं? स्टार्टरची छोटी पिनियन फ्लायव्हीलच्या मोठ्या चक्राला फिरवते, त्यामुळे जोर कितीतरी पटींनी वाढतो. चिकटलेली रिंग सुटायच्या आधी तुटू शकते. धक्का मारण्यात तर अख्ख्या गाडीचं वजन त्या रिंगेवर येतं. शिवाय स्टार्टरला कळत नाही की आत काय अडलंय. हाताला कळतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकोणीस वर्षांची असताना वडिलांच्या गॅरेजात अशीच एक उभी राहिलेली गाडी आली होती. बाबा जेवायला गेले होते. मी स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल सोडलं, इंजिन हाताने थोडं हललं, तेवढ्यावर खूश होऊन सेल्फ मारला. पिस्टन सुटले होते, पण दोन व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतात त्या गाइडमध्येच चिकटलेले होते. ‘टक्, टक्’ झालं आणि दोन पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सळया, वाकले. बाबांनी परत आल्यावर ते माझ्या हातात दिले आणि चहा टाकायला सांगितला. ते दोन्ही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

तर आता कामाचं. चारही प्लग काढा आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फळीवर मांडा. ज्याचं टोक तांबूस-गंजलेलं दिसेल त्या सिलिंडरवर संशय ठेवा. प्रत्येक भोकातून वीस-तीस मिलिलिटर पातळ तेल सोडा. गंज सोडवायचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं. भोकांवर स्वच्छ फडकं टाका आणि निघून जा. तीन-चार दिवसांनी बघा. तेल खाली झिरपलं असेल तर पुन्हा घाला. सगळ्यात अवघड काम हेच, कारण यात करण्यासारखं काही नसतं.

मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, चाकांना ओंडके लावा आणि क्रँक पुलीच्या नटाला गोटी पाना लावा. फिरवायचं ते नट घट्ट होण्याच्या दिशेने. उलट फिरवलंत तर इंजिनाऐवजी नटच सुटून येईल. पान्याला पाइप लावून लांबी वाढवू नका. हाताला जेवढा जोर आहे तेवढाच पुरे. तेवढ्याने नाही हललं तर आणखी तेल, आणखी आठवडा. मी एकदा पाच आठवडे थांबले आहे.

बोटभर हललं तरी जिंकलात. तिथेच थांबा, पुन्हा तेल सोडा, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. आता हाताकडे लक्ष द्या. अडणं दोन प्रकारचं असतं. एक मऊ, चिखलात पाय रुतल्यासारखं. तो गंज, तो रोज थोडा मागे सरकतो. दुसरं टणक : मोकळं फिरत फिरत येतं आणि दर वेळी त्याच जागी दगडाला लागल्यासारखं थांबतं. तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय किंवा सिलिंडरमध्ये काहीतरी पडलंय. ते जाणवलं की पाना ठेवा आणि त्या मेकॅनिकला बोलवा. मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचा वरचा भाग, उतरवावंच लागेल, त्यात त्याची चूक नाही.

मोकळं फिरायला लागलं की वरचं रॉकर कव्हर काढा. एकाने हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने बघायचं. हे काम मेव्हण्यांना द्या. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली गेला की वर आला पाहिजे. एखादा खालीच राहिला आणि त्याला वरून दाबणारा रॉकर व तो यांच्यामध्ये फट दिसली तर तो चिकटलाय. त्याच्या दांड्यावर तेल सोडायचं आणि तो वर आला की मगच पुन्हा फिरवायचं. माझे पुशरॉड इथे वाचले असते. इंजिनाला रबरी टायमिंग बेल्ट असेल तर तो न बघता बदला. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

जुनं ऑइल काढताना इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरचा नट हळू सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे असलंच तर आधी तेच बाहेर येईल. नवं ऑइल, नवा फिल्टर. आता बॅटरी जोडा, पण प्लग अजून बाहेरच आणि कॉइलची तारही काढलेली. दहा सेकंद सेल्फ, मग विश्रांती, असं ऑइलचा दिवा विझेपर्यंत करा. प्लग आत असताना हे केलंत तर साचलेलं तेल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. भोकांतून तेलाची पिचकारी उडेल. वाकून बघू नका, माझा एक पांढरा कुर्ता त्यात गेला.

पेट्रोलबद्दल थोडक्यात : टाकीतलं सगळं काढून टाका. त्याला वॉर्निशसारखा वास येत असेल, तोच चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्येही बसलेला असतो. कार्ब्युरेटर खोलून धुवा, रबरी नळ्या सरसकट बदला. पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडू नका, पंपाची नळी ताज्या पेट्रोलच्या छोट्या बंद डब्यात सोडा. टाकीतला गंज नंतर निवांत बघता येतो. ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने हलके घासून घ्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आहे का तेही बघा, हसू नका, मला तीनदा सापडलंय.

रेडिएटर धुऊन भरा, गाडी उघड्यावर काढा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा आणि मग किल्ली. आधी पांढरा-निळा धूर येईल. तुम्हीच ओतलेलं तेल जळतंय ते, दहा-पंधरा मिनिटांत विरळ व्हायला हवं. ऑइलचा दिवा चार-पाच सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. वरून टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, खडखडाट थोडा वेळ चालेल, खालून ‘धड् धड्’ आली तर चालणार नाही. शंभरेक किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला, आतली घाण तोवर त्यात उतरलेली असते.

पण ते शंभर किलोमीटर ब्रेक उघडून बघितल्याशिवाय नाही. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, चाकांतले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजून धरतात. इंजिन चालू झालं म्हणून गाडी रस्त्यावर नेऊ नका.

आणि ते चार प्लग फळीवर मांडाल तेव्हा कळवा, कितवा गंजला होता. माझा अंदाज आहे, दोनच निघतील.