नऊ मीटर, पण मोजले कुठून?

प्रश्न : गावाच्या वरच्या अंगाला लघुसिंचनाचं मातीचं धरण आहे. तीन पावसाळे झाले, भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय. माझी विहीर अन् कपाशी बरोबर खाली. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवले, लघुसिंचनाच्या साहेबांना तोंडी सांगितलं. साहेब म्हणतात, 'नऊ मीटरचं धरण, नव्या कायद्यात बसत नाही.' आता काय करू? – एक शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : भाऊ, मृग जवळ आला की धुळे-जळगावकडून अशी पत्रं येतातच. भरावावरच्या बाभळी, खचलेलं पिचिंग (भरावावरचं दगडी अस्तर), हे सगळं तुम्हाला दिसतंय, त्यावर मी बोलत नाही. तुमचं घोडं अडलंय ते त्या नऊ मीटरवर.

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 मध्ये 15 मीटरच्या वरचं धरण थेट येतं. 10 ते 15 मीटरमधलं येतं ते पाचपैकी एक तरी अट पुरी झाली तर. तुमच्या कामाच्या त्यातल्या दोन : माथ्याची लांबी किमान 500 मीटर, किंवा साठा किमान 10 लाख घनमीटर. आणि उंची मोजायची ती पायाच्या सर्वसाधारण क्षेत्रातल्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत. साहेबांनी जमिनीपासून मोजली असेल, तर नाल्याच्या पात्रातला पाया धरून नऊचे साडेदहाही होऊ शकतात. तसं झालं अन् वरची एक अट जुळली, की पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं धरणाच्या मालकाला, म्हणजे ते ज्या खात्याचं त्याला, चुकवता येत नाही. कटऑफचा चर (झिरपणं अडवायला पायाखाली खणून भरलेला चर) उंचीत धरायचा की नाही, यावर मात्र वाद होईल. तिथे मी शब्द देत नाही.

माहिती अधिकारात मंजूर नकाशा, छेद, पायाच्या पातळ्या आणि साठ्याचा तक्ता मागा. मुदत 30 दिवस. जीविताचा प्रश्न म्हणून कलम 7(1) खाली 48 तासांत मागून बघा, मानतीलच असं नाही. धरण जिल्हा परिषदेचं की जलसंधारण विभागाचं, याचा घोळ घालत बसू नका. दोघांकडे अर्ज टाका.

आणि पोच घ्या! तीन वर्षं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरवलेत, साहेबांना तोंडी सांगितलंत, कागद एक नाही. उद्या 'आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं' म्हणाले, तर काय दाखवणार? चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. गळतीची ओरड गावानं आधीच केली होती.

उंची दहाच्या आतच निघाली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश) प्रांतांकडे जाता येईल. संभाजीनगर खंडपीठात याचिकाही होईल, पण पाऊस तिथल्या तारखेची वाट बघत नाही, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका.

झिरपणारं पाणी रोज काचेच्या बाटलीत धरून बघा. नितळ असेल तर अर्जाला वेळ आहे. गढूळ आलं तर आतली माती वाहतेय; अर्ज ठेवा बाजूला, तहसीलदारांना फोन लावा आणि खालच्या वस्तीतली माणसं त्याच दिवशी हलवा.