हातात नोकरी नसताना नव्या प्रांतात राहायला जावं का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की वय एकतीस, जबाबदारी कुणाची नाही, सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी बचत आहे, तिकडे ओळखीचं कोणी नाही आणि घरचे म्हणतात, आधी नोकरी मिळव मग जा. ते घरच्यांचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम तसंच टाकून लिहायला बसले.

आधी त्या सहा महिन्यांचं बघू. ते सहा नाहीत. तुम्ही बचतीला आजच्या महिन्याच्या खर्चाने भागलंत आणि सहा आले. पण आजचं घर लागलेलं आहे. नव्या जागी अनामत, दलाली, सामानाची वाहतूक, शिवाय ‘अरे, हे पण लागतं की’ म्हणत पहिल्या महिन्यात घेतलेल्या पन्नास वस्तू. पगाराची स्लिप दाखवता येत नाही म्हणून माझ्या घरमालकाने अनामत जास्तीची घेतली होती. बिननोकरीच्या माणसाला तेच घर महाग पडतं. दुसऱ्या टोकालाही कात्री लागते. निवड झाली तरी रुजू व्हायला दोन-तीन आठवडे जातात आणि पहिला पगार त्यानंतर महिना भरल्यावर. दोन्हीकडून कापलं की शोधायला म्हणून उरतात जेमतेम अडीच महिने. माझ्याकडे सात होते. सामान लावून झाल्यावर पासबुक उघडलं तर साडेचार.

आता माझं सांगते.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक. घरात असा माणूस असला की साधं भांडणसुद्धा फळ्यावर होतं. मी राजीनाम्याचा विषय काढला त्या रात्री त्याने मला हॅरिस आणि तोडारो हे दोन अर्थशास्त्रज्ञ ऐकवले. शहरात बेकारी दिसत असूनही माणसं गाव सोडून तिकडे का जातात, हे कोडं या दोघांनी १९७० साली एका लेखात मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की माणूस तिथला नुसता पगार बघत नाही, तो मिळण्याच्या शक्यतेने गुणून बघतो. दादाने लगेच एका पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. तिथला पगार दीडपट. मिळायची शक्यता निम्मी धर. दीडचं निम्मं पाऊण. इथे तुला अख्खा एक मिळतोय. ‘पाऊणसाठी एक सोडणारीला काय म्हणायचं, ते तूच ठरव.’

मी नर्स आहे. नर्सला काम कुठेही मिळतं असं सगळेच म्हणतात, त्यामुळे ती ‘निम्मी’ मला झोंबली. तू वर्गात शिकवतोस, वॉर्डात कधी उभा राहिला नाहीस, वगैरे मी बरंच बोलले. आई मध्ये पडली नाही. वहिनी एवढंच म्हणाली की जाणारच असशील तर पांघरूण जाडसर ने.

गेले. आणि नवव्या दिवशी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मुलाखत झाली. मेट्रनबाईंनी दहा मिनिटं प्रश्न विचारले, वॉर्ड फिरवून दाखवला, ड्युटीचा तक्ताही दाखवला. ‘कधीपासून येता?’ ‘उद्यापासून.’ मग त्यांनी माझी फाईल चाळली आणि एका कागदावर बोट ठेवलं. ‘रजिस्ट्रेशन इथलं नाही तुमचं.’

आमच्यात रजिस्ट्रेशन त्या त्या प्रांताच्या कौन्सिलचं होतं. इकडचं तिकडे आपोआप चालत नव्हतं. जुन्या कौन्सिलने ना-हरकत आणि पडताळणीचं पत्र पाठवायचं, ते नव्या कौन्सिलला पोचायचं, मग नवा नंबर. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पंधरा दिवसांत होतं, असं एका मैत्रिणीने सांगितलं होतं आणि मी ते कुठेही विचारून घेतलं नाही. तिचं झालंही असेल पंधरा दिवसांत. माझं तेरा आठवडे चाललं. सही करणारे रजेवर होते, ते आले तर पत्रात माझं आडनाव चुकलं, ते दुरुस्तीला गेलं ते कुणाच्या तरी टेबलावर बसलं. मेट्रनबाई तीन आठवडे थांबल्या, मग त्यांनी दुसरी मुलगी घेतली. मीही तेच केलं असतं.

म्हणजे दादाच्या पाकिटावर शक्यता निम्मी होती. माझ्या वाट्याला पहिले नऊ दिवस ती पूर्ण आली आणि पुढचे तेरा आठवडे शून्य. सरासरी काढली तर निघेलही काहीतरी, पण घरभाडं सरासरीने देता येत नाही. हा मुद्दा मला तेव्हा सुचला असता तर त्या रात्री मी जिंकले असते. सुचला तीन वर्षांनी, भांडी घासताना.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुलाखतीच्या त्याच संध्याकाळी घरी फोन केला आणि नेमका दादाने उचलला. ‘काय मग?’ एवढंच म्हणाला, पण असं म्हणाला की माझ्या तोंडून निघून गेलं, ‘लागले.’

झालं. त्यानंतर दर रविवारी रात्री नऊला मी फोन करायचे आणि नसलेल्या नोकरीच्या गोष्टी सांगायचे. ते अवघड नव्हतं. जुन्या वॉर्डातले किस्से होतेच, त्यातली माणसं नव्या वॉर्डात झोपवायची. नाईट सुरू आहे, झोप पुरत नाही, म्हणून आवाज असा येतोय. आवाज तसा का येत होता ते मला ठाऊक. पुढे पैसे तळाला लागले. दादाने मागताक्षणी दिले असते, पण पगार सुरू असलेली बहीण पैसे कशासाठी मागेल? एका मैत्रिणीकडून उसने घेतले. तिलाही धड कारण सांगितलं नाही.

परतीच्या तिकिटापुरते पैसे माझ्याकडे कायम होते. परत गेले नाही ते फक्त दादाचं ‘म्हटलं नव्हतं?’ ऐकायला लागू नये म्हणून. दादाच्याच कपाटातल्या पुस्तकात नंतर वाचलं की रेव्हनस्टाइन नावाच्या अभ्यासकाने १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे चाळून स्थलांतराचे काही नियम मांडले होते. त्यात एक नियम असा की माणसांच्या प्रत्येक मोठ्या ओघाबरोबर उलट्या दिशेचाही एक ओघ असतो. परत येणाऱ्यांची गणती तेव्हापासून झालेली आहे. त्यात माझी एक भर पडली असती तर काही बिघडत नव्हतं. पण हे घरातला कोणी प्राध्यापक निघताना सांगत नाही. तो गुणाकार सांगतो.

शेवटी मी एका तपासणी केंद्रात काउंटरवर बसायचं काम धरलं. पगार नर्सच्या निम्म्याहून कमी, पण रजिस्ट्रेशन लागत नव्हतं. तिथे रक्ताचे नमुने न्यायला एक मुलगा यायचा. आठवड्यातून दोनदा, तीन-चार मिनिटं. मी पेटी त्याच्या हातात द्यायची, त्याने वहीत सही करायची. त्या मुलाला शहरातली झाडून सगळी रुग्णालयं माहीत होती आणि कुठली सिस्टर कधी सोडून जाणार हे तिथल्या मेट्रनच्या आधी त्याला कळायचं. डायलिसिस युनिटमध्ये दोन जागा रिकाम्या होताहेत, हे त्याने सांगितलं. नवा नंबर आला त्याच आठवड्यात मी तिथे लागले. त्याचं आडनाव मला आजही माहीत नाही.

हे नशीब म्हणून सोडून देऊ नका. ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकती नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं होतं की ज्याच्यामुळे ही नोकरी कळली, तो त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? त्याच्या १९७३ सालच्या लेखात उत्तर आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली असं म्हणणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. माणसं थोडीच होती, ५४, पण कारण पटतं. आपल्या जवळच्यांना साधारण आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. वेगळी खबर आणतो तो तोंडओळखीचा माणूस.

त्यामुळे ‘तिकडे ओळखीचं कोणी नाही’ याची तुम्ही जी धास्ती घेतली आहे, ती मला फारशी पटत नाही. काका-मामा नसतील तर नसू देत. पण ही तोंडओळख घरी बसून अर्ज पाठवून होत नाही, तिथे जाऊनच होते, आणि तिथे जाऊनही खोलीत बसलात तर होत नाही. पहिल्या महिन्यातच काहीतरी हलकंसलकं काम धरा, ज्यात दिवसाला दहा वेगळी माणसं समोर येतील. मी ते दहाव्या आठवड्यात केलं, कारण नर्सने काउंटरवर बसायचं म्हणजे काय! आधी बसले असते तर उसने घ्यावे लागले नसते.

आणि दादाच्या ‘पाऊण की एक’ला माझं उशिराचं उत्तर असं की तो हिशोब एका वर्षाचा होता. जागा बदलणं ही गुंतवणूक आहे, आज खर्च आणि पुढची अनेक वर्षं परतावा, असं मोजणारा लेख १९६२ सालीच आलेला आहे. तोही त्याच कपाटात आहे. पहिलं वर्ष माझं पाऊणसुद्धा नव्हतं, अर्धं असेल. पुढची अकरा वर्षं दीडपट मिळाली. करा म्हणावं गुणाकार.

पण हे मी त्याला कधी बोलू शकले नाही, कारण त्याच्या दृष्टीने भांडण मी नवव्या दिवशीच जिंकले होते! खरी नोकरी लागली त्या संध्याकाळी मी आनंदाने फोनपर्यंत गेले आणि तशीच परत फिरले. घरच्यांना सांगणार काय? त्यांच्या लेखी मी तीन महिन्यांपूर्वीच लागले होते.

आणि आता मी हे का लिहितेय ते ऐका. माझा भाचा, दादाचा मुलगा, हातात काही नसताना निघालाय. चार महिन्यांची बचत आहे, तुमच्यासारखीच भागाकार करून काढलेली. आणि दादा, तोच पाकिटावर गुणाकार करणारा दादा, त्याला सांगतोय, ‘बिनधास्त जा. आत्या नवव्या दिवशी लागली होती.’ वर्गातही हे उदाहरण देतो म्हणे. एका माणसाचा नमुना, तोही खोटा, आणि यावर प्राध्यापक सिद्धांत मांडतोय.

तर जावं का? माझं मत विचाराल तर जा. अडीच महिने शोधायला पुरतात, जर परवाना, नोंदणी, पडताळणी असलं काही तुमच्या कामात लागत नसेल तर. लागत असेल तर ते कागद आधी हलवा, राजीनामा नंतर, आणि किती दिवस लागतात हे मैत्रिणीला नाही, कचेरीत विचारा. अर्ज मात्र निघायच्या महिनाभर आधीपासून टाका आणि त्यात अमुक तारखेपासून तिथेच राहणार आहे असं स्पष्ट लिहा. लांबचा पत्ता बघून अर्ज बाजूला ठेवणारे बरेच असतात. खात्यात किती उरले की परतीचं तिकीट काढायचं, तो आकडा निघायच्या आधी कागदावर लिहा आणि कागद अशा माणसाकडे द्या की जो तुम्हाला टोमणा मारणार नाही. घरात असा कोणी नसेल तर बाहेरचा बघा. त्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, बाकी जगाशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, डोक्यावर कर्जाचा हप्ता असेल, औषधोपचार चालू असतील किंवा कोणी तुमच्या पगारावर जगत असेल, तर वरचं सगळं विसरा आणि घरच्यांचं ऐका. दुसऱ्या देशात जायचं म्हणत असाल तर तिथे नोकरीआधी कामाची परवानगी येते, तो प्रश्नच निराळा. तुम्ही काय काम करता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ते लिहा, मग नीट सांगता येईल.

दादाला या रविवारी फोन करून सगळं सांगणार आहे. काल धीर गोळा करायला म्हणून आधी वहिनीला सांगितलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘अगं, मला तेव्हाच कळलं होतं. नाईटवाली रोज नऊच्या आत ड्युटीवर गेलेली असते. तू दर रविवारी बरोबर नऊला घरून कशी बोलायचीस?’