बी.कॉम.नंतर अकाउंट्समध्ये नुसत्या एंट्र्याच मारायच्या असतात का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं, पण आयुष्यभर एंट्र्याच मारायच्या असतील तर या लाइनीत यावं का. मी इथंच गेली अठरा वर्षं हिशेबाची कामं करतोय. दरवर्षी तुमच्या वयाची दोन-तीन मुलं हाताखाली येतात. एक तर सी.ए. होऊन पाटी लावायची, नाहीतर कुणाच्या तरी दुकानात कॉम्प्युटरपुढं बसायचं, याच्यापलीकडं त्यांना कुणी काही दाखवलेलंच नसतं.

मागच्या वर्षीच्या एका मुलाचं सांगतो. अकाउंट्समध्ये नव्वदच्या वर मार्क. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराचा हिशेब त्यानं पूर्ण केला, नफा निघाला सहा लाख. मालक म्हणाले, "नफा दाखवायलाव, पण पैसा कुठाय? बोनस कशातनं देऊ?" पोरगं म्हणालं, "सर, ताळेबंद जुळलाय."

मी दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी-शेजारी ठेवायला लावले. सुताचा साठा अडीच लाखांनी वाढलेला, येणेबाकी तीन लाखांनी. बाकीचं कर्जाच्या मुद्दलात आणि घरखर्चात गेलेलं. एवढ्यावर भागलं असतं, पण म्हटलं चल, माल मोजून येऊ. गोडाऊनच्या कोपऱ्यात टॉवेलचे गठ्ठे पडलेले. रंग सुटला म्हणून पार्टीनं चार महिन्यांपूर्वी परत पाठवलेले. वह्यांत मात्र तो माल विकलेला आणि त्याचे लाखभर रुपये अजून येणे! क्रेडिट नोट, म्हणजे माल परत आला म्हणून बिलाची रक्कम कमी करणारा कागद, कुणी काढलीच नव्हती. म्हणजे नफाही सहा लाख नव्हता.

"मला कुणी कागदच दिला नाही," मुलगा म्हणाला. खरं होतं ते. पण न आलेला कागद मागणं हेच तर आपलं काम. आलेल्या कागदाची एंट्री आता सॉफ्टवेअरही करतं.

2017 ला जीएसटी आल्यापासून हे मागणं दर महिन्याचंच झालंय. 14 तारखेला जीएसटीआर-2बी तयार होतं, म्हणजे माल विकणाऱ्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून आपल्या खरेदीच्या बिलांची यादी. त्यात सूतवाल्याचं बिल दिसत नसेल तर त्यावरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं. मग फोन लावा, तो म्हणतो "भरतो की उद्या", परत फोन लावा. कॉलेजात हे विचारत नाहीत, आणि लाजाळू मुलांची इथं फार पंचाईत होते (माझीही व्हायची).

सी.ए. करायचं असेल तर जरूर करा. 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी) तीनऐवजी दोन वर्षांची झालीय. पण आधी एका महिन्यात 11 ते 20 तारखेपर्यंत ओळखीच्या कर सल्लागाराकडं जाऊन बसा. 11 ला जीएसटीआर-1 ची (विक्रीच्या विवरणपत्राची) मुदत, 20 ला जीएसटीआर-3बी ची (कर भरायच्या विवरणपत्राची). पगाराचं विचारू नका, फोनवर ते काय बोलतात तेवढं ऐका.