सहा वर्षांचं मूल पट्टीने मोजतं, पण उत्तर चुकतं. असं का?

पट्टी वाचता येणं वेगळं आणि मोजमाप कळणं वेगळं. पेन्सिलीचं एक टोक २ वर आणि दुसरं ७ वर ठेवून विचारून बघा. बरीच मुलं ७ सांगतात. काही जण २ पासून ७ पर्यंतच्या रेघा मोजून ६ म्हणतात. लांबी रेघांमध्ये नसून दोन रेघांमधल्या जागेत असते, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं.

त्याआधीचाही एक टप्पा आहे. सारख्या लांबीच्या दोन काड्यांपैकी एक जराशी पुढे सरकवली, की लहान मुलाला तीच लांब वाटते. हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलं होतं.

म्हणून पट्टीची घाई नको (शाळा ती करतेच!). आधी काड्या, क्लिपा, स्वतःची पावलं यांनी मोजू द्या. मुलं मध्ये फट सोडतील, एकावर एक चढवतील, लहानमोठ्या क्लिपा मिसळतील. तेव्हा लगेच दुरुस्त करू नका. तीच वस्तू तुम्हीही मोजा आणि दोघांची उत्तरं वेगळी का आली, ते विचारा.

क्षेत्रफळाचंही तसंच, फक्त तिथे जागा चौकोनी तुकड्यांनी भरून मोजायची असते, आणि त्या तुकड्यांच्या ओळी मुलांना दिसायला जास्त वेळ लागतो.